वस्तऱ्याचे पाणी

खेड्यातील म्हाली झाडाखाली धोपटी उघडतो, वस्तरा चामोटीवर चार वेळा फिरवितो आणि गिऱ्हाइकाच्या हनुवटीस हात लावतो, हे दृश्य अमरावती-अकोल्याकडील जुन्या मंडळींच्या चांगल्या परिचयाचे आहे. (म्हाली म्हणजे न्हावी, हे पुण्यामुंबईच्या श्रोत्यांसाठी सांगितले पाहिजे.) वस्तरा मऊ चालला तर आपण म्हाल्याच्या हाताचे कौतुक करतो, आणि म्हाली आपल्या सहाणेचे. ज्या लोहाराने त्या पोलादास पाणी दिले, त्याचे नाव कोणी काढीत नाही. वास्तविक सहाण धार केवळ उघडी करते. ती टिकावयाची की नाही, हे भट्टीपाशी आधीच ठरून गेलेले असते.

पहिला प्रश्न पोलादाचा. लोखंडात कर्बाचा अंश किती, यावर पुढचे सारे अवलंबून. मोटारीच्या कमानीत तो शेकडा 0.6 च्या सुमारास असतो. तिचा कोयता उत्तम होतो, पण वस्तरा लवकर बोथटतो. चांगल्या कानशीत हाच अंश शेकडा 1 ते 1.25 पर्यंत असतो, आणि म्हणूनच झिजलेली कानस ही पात्यासाठी हाताने काम करणाऱ्या कारागिराची आवडती वस्तू. 1867 साली आगगाडी अकोला व बडनेऱ्यावरून नागपुरास पोचली, मागोमाग वऱ्हाडात कापसाचे जिन व प्रेस उभे राहिले. अशा कारखान्यांच्या मोडीत कानशींना काय तोटा!

त्याही पूर्वी आपल्या दक्षिणेस, गोदावरीपलीकडे कोनासमुद्रम येथे मुशीत तयार होणारे पोलाद इराणी व्यापारी घेऊन जात. मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी 1794 साली हिंदी पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडे धाडले. पुढे 1820 च्या सुमारास मायकेल फॅरडे याने स्टोडार्ट नावाच्या पातीकारासह पोलादावर पुष्कळ प्रयोग केले. विजेच्या शास्त्रात अजरामर झालेला हा पुरुष आपल्या पोलादाचे वस्तरे मित्रांस भेट देत असे, ही गोष्ट मला फार गोड वाटते.

असो. कानस प्रथम लाल करून राखेत पुरतात व रात्रभर सावकाश निवू देतात. त्यायोगे ती मऊ होते. तिचे दाते घासून सपाट केल्यावाचून ऐरणीवर घ्यावयाची नाही, नाही तर तेच दाते आत दडपले जाऊन पुढे त्यांच्या चिरा होतात. मग भाता, सांडशी आणि हातोडा. धारेची बाजू ठोकून पातळ करू लागले की ती लांबते, आणि पाते पाठीकडे वाकते. म्हणून जाणता लोहार ते आधीच उलट बाजूस किंचित वाकवून ठेवतो. ठोकता ठोकता ते आपोआप सरळ होते. पाठीची जाडी रुंदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतकी राखावी लागते. ही पाठ शोभेची नव्हे. सहाणेवर पाठ व धार दोन्ही एकदम टेकतात, आणि धारेचा कोन तीच ठरविते. कोन चुकलेल्या वस्तऱ्याचे पुढे कोणी काही करू शकत नाही.

आता खरी कसोटी. धार अद्याप पातळ केलेली नाही. ती जाड पैशाएवढी ठेवली आहे, कारण पातळ धार पाण्यात वेडीवाकडी होते किंवा तडकते. पाते तापवितात ते अंधाऱ्या कोपऱ्यात, कारण उन्हात रंग फसवितो. डाळिंबाच्या दाण्याचा लाल रंग मागे पडावा, पण पळसाच्या फुलाचा केशरी येऊ नये, तो क्षण गाठावयाचा. लोहचुंबक असल्यास काम सोपे: लाल पाते त्यास चिकटेनासे झाले की आणखी किंचित ताव देऊन काढावे. पाण्यात बुडविले तर पाते फार कडक होते, परंतु चिरण्याची भीती मोठी. तेल सौम्य, आणि सरकीचे तेल वऱ्हाडात मिळावयास अडचण नाही. ते थोडे कोमट करून घेतल्यास अधिक चांगले, कारण पातळ झालेले तेल उष्णता लवकर ओढते. दोन दिवसांची मेहनत येथे दोन पळांत फुकट जाऊ शकते. त्या वेळी बारीकसा ‘टिक्’ असा आवाज कानी आला, तर पाहण्याचीही गरज नाही.

निभावलेले पाते आता काचेसारखे ठिसूळ असते. त्याचा एक भाग घासून चकचकीत करावयाचा व पाठीकडून हलकेच शेकावयाचे. त्या चकाकीवर वाळलेल्या कडब्याचा फिकट पिवळा रंग उतरला की थांबावे. ते तापमान 200 ते 220 अंश सेंटिग्रेडच्या आसपासचे. तपकिरी झाला तर धार मऊ पडली. निळा झाला तर पाते वस्तऱ्यासाठी वाया गेले.

मग घासणे. पाण्याच्या चाकावर दोन्ही अंगे किंचित खोलगट करतात, म्हणजे धारेमागचे पोलाद पातळ राहते व सहाणेस थोडाच भाग घासावा लागतो. येथे बोटे उघडी ठेवावयाची. पाते बोटास ऊन लागताच पाण्यात बुडवावे, कारण पातळ धार क्षणात तापते आणि भट्टीपाशी कमावलेले चाकापाशी जाते. शेवटी बारीक सहाण व चामोटी. चामोटीवर मात्र पाठ पुढे व धार मागे. उलट केले तर चामडे कापले जाते व धारही जाते.

आज बहुतेक दुकानांत बदलत्या पात्याचा वस्तरा असतो. रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा विचार करता ते योग्यच झाले, आणि त्याबद्दल मी खंत करणार नाही. परंतु आपल्या घरच्या कपाटात आजोबांचा वस्तरा पडून असेल, तर तो ठिणग्या उडविणाऱ्या कोरड्या चाकावर कोणास लावू देऊ नका. पाण्याच्या सहाणेवर, पाठ टेकवून घासावयास सांगा. आणि पावसाळ्यापूर्वी पात्यास तेलाचे बोट लावून ठेवा.