सुतळीवरची पाच सहस्र वर्षे

इयत्ता पाचवीच्या 'परिसर अभ्यास भाग २' या पाठ्यपुस्तकाचा आवाका मोठा आहे. पृथ्वीवरील सजीवांपासून आरंभ करून अश्मयुगातील हत्यारे, स्थिर वस्ती, शेती आणि अखेरीस नद्यांच्या खोऱ्यांत उदयास आलेल्या नागरी संस्कृती, एवढी वाटचाल दहा-अकरा वर्षांच्या मुलामुलींनी एका वर्षात करावी, अशी त्यात योजना आहे. तिच्यातील प्राचीन संस्कृतींचा टप्पा एखाद्या सामान्य मराठी शाळेत प्रत्यक्षात कसा पार पडतो ते पाहून लिहावे, अशी सूचना संपादकांनी केली. आणि काटोल रस्त्यालगत, जेथे नागपूर शहराची घरे विरळ होऊन वावरे सुरू होतात, तेथील एका प्राथमिक शाळेत, बाईंच्या अनुमतीने, सोमवारपासून शनिवारपर्यंत मी पाचवीच्या वर्गात मागे बसलो.

या विषयाला नागपूरइतके अनुकूल शहर क्वचितच सापडेल. लोकांच्या तोंडी 'अजब बंगला' म्हणून रुळलेले येथील मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. त्याच वर्षी ४ सप्टेंबर रोजी, टाकळघाटची शिलावर्तुळे, म्हणजे प्राचीन दफनांभोवती गोलाकार मांडलेले मोठे दगड, पाहून परतत असता, रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचा पुराने फुगलेल्या ओढ्यात अंत झाला. पुढे रिव्हेट-कार्नॅक यांनी जुनापाणीची वर्तुळे उकरली, १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे थापर यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले, आणि त्यानंतर नागपूर विद्यापीठाच्या डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी व नैकुंड येथील उत्खननांनी विदर्भाच्या लोहयुगाचे चित्र स्पष्ट केले. तथापि या संशोधनाची वार्ता ग्रंथांतून उतरून काटोल रस्त्यावरच्या शाळेपर्यंत पोचली की नाही, हाच माझ्या मनातील प्रश्न होता.

वर्गात माझे लक्ष ज्या वस्तूने वेधून घेतले ती म्हणजे एक सुतळी. सोमवारी सकाळी बाईंनी तिचे एक टोक वर्गाच्या दाराच्या कडीला बांधले आणि दुसरे व्हरांड्याच्या पार शेवटच्या खांबाला. दाराचे टोक म्हणजे आजचा दिवस. एक वीत म्हणजे शंभर वर्षे. दारापासून सव्वावीस विती मोजून बाईंनी तेथे शिंप्याकडून आणलेल्या लाल चिंधीची जाड गाठ मारली आणि तिच्यापासून खांबाकडे आणखी सत्तावीस विती मोजल्या. लाल गाठ म्हणजे इसवी सनाचा आरंभ, हे मुलांनी चटकन मान्य केले. खरी अडचण गाठीच्या पलीकडे होती. हडप्पा संस्कृतीची नगरे इ.स.पू. २६०० च्या सुमारास भरभराटीस आली आणि इ.स.पू. १९०० च्या सुमारास त्यांना उतरती कळा लागली, असे बाईंनी सांगताच पुढच्या रांगेतील एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, सव्वीसशे आधी अन् एकोणीसशे नंतर? हे तं उलटंच झालं जी."

गणितात वर्षभर जे चढते क्रम गिरवले त्यांना ही संख्या सरळ छेद देते, आणि प्रौढ माणसेही येथे पुष्कळदा अडखळतात. म्हणून बाई त्याचे समाधान कसे करतात याविषयी मला विलक्षण औत्सुक्य होते. त्यांनी व्याख्या सांगितली नाही. त्या मुलाला त्यांनी लाल गाठीपाशी उभे केले, दाराकडे तोंड करून सात विती चालावयास लावले, मग परत गाठीशी आणून खांबाकडे सात विती चालावयास लावले, आणि विचारले, "दोन्ही वेळा तू गाठीपासून किती दूर गेलास?" "सात." "मग सांग, तिथून दाराकडे परत यायला निघालास तर आकडा वाढेल की घटेल?" मुलगा एकेक वीत मोजत गाठीकडे आला, सहा, पाच, चार, आणि गाठीवर पाय पडताच सगळा वर्ग एकदम बोलू लागला. त्यानंतर आठवडाभर 'गाठीच्या तिकडं' आणि 'गाठीच्या इकडं' ही त्या वर्गाची कालगणनेची भाषा झाली, आणि कोणत्याही पंचांगकर्त्याला हेवा वाटावा इतक्या बिनचूकपणे मुले ती वापरू लागली.

मंगळवारी एका मुलीने स्वतःच्या वितीने सुतळी पुन्हा मोजली, आणि मोहेंजोदडो बाईंनी लावलेल्या चिंधीच्या पुष्कळ अलीकडे, सुतळीच्या भलत्याच ठिकाणी येऊन पडले. कोणाची वीत खरी, यावर रीतसर वाद झाला. बाईंनी तो वाद मोडला नाही. त्यावरूनच त्यांनी हडप्पाच्या वजनांचा पाठ घेतला. शेकडो कोसांवर पसरलेल्या त्या नगरांतून दगडाची घनाकार वजने एकाच प्रमाणाची सापडतात, पक्क्या विटांची जाडी, रुंदी व लांबी एकास दोनास चार अशी असते, आणि हा मेळ सर्वांनी एकच माप मानल्याखेरीज बसणे शक्य नव्हते, हे त्यांनी समजावले. स्वतःच्या वितीचा आग्रह धरून बसलेल्या त्या मुलीला प्रमाणबद्धतेचे महत्त्व जितके पटले, तितके कोणत्याही परिच्छेदाने पटले नसते. पुढे सुतळीवर इतर चिंध्याही आल्या. गिझाचा मोठा पिरॅमिड आणि हडप्पाची नगरे जवळजवळ एकाच वितीत बसतात, मेसोपोटेमियातील ऊर येथील राजघराण्याच्या थडग्यांत सिंधू खोऱ्याकडून गेलेले तांबड्या कार्नेलियनचे मणी त्याच सुमारास पुरले गेले, आणि ज्या नागपुराची पेठ व तलाव मुलांना एवढे पुरातन वाटतात ते गोंड राजा बख्त बुलंद शाहाचे नगर दारापासून अवघ्या सव्वातीन वितींवर येते, हे मुलांनी आपणच शोधून काढले.

गाठीच्या तिकडे सातव्या वितीवर बाईंनी निळी चिंधी बांधली तेव्हा मात्र वर्गाचा सूर पालटला. ती चिंधी पारशिवनी तालुक्यातील नैकुंडची होती, जेथे लोखंड वितळवण्याची भट्टी उत्खननात सापडली. तिच्याच आसपास माहुरझरी, जेथे दफनांत घोडे आणि त्यांच्या मुखावरचे तांब्याचे अलंकार मिळाले. आणि जुनापाणी, जेथे सुमारे तीनशे शिलावर्तुळे आहेत. वर्तुळांतील काही दगडांवर वाटीसारख्या खळग्या ठरावीक दिशांना कोरलेल्या आढळतात, त्यावरून त्यांचा सूर्याच्या गतीशी संबंध असावा असे काही संशोधक मानतात, हे ऐकताच एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या वावरात बी असे गोल मांडलेले गोटे हायेत. बाबा म्हणतात, नांगर अडते." नाईल आणि सिंधू यांच्या तीरांवर रमलेला वर्ग त्या वाक्यासरशी स्वतःच्या भूमीवर आला. राज्यभरासाठी एकच असलेल्या पाठ्यपुस्तकाला जे शक्य नाही ते येथे एका शिक्षिकेने साधले होते.

परंतु येथूनच माझ्या कौतुकात चिंता मिसळू लागते. बुधवारी बाई वर्गात नव्हत्या. माहिती भरून पाठवण्याच्या तातडीच्या हुकुमामुळे त्यांचा दिवस संगणकापुढे गेला आणि पाचवीची मुले चौथीच्या वर्गात बसवली गेली. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्तीनिवारण व निवडणूक एवढीच शिक्षणेतर कामे शिक्षकांवर सोपवता येतात. पण कायद्याच्या कलमापलीकडे तक्ते, अहवाल आणि नोंदी यांचा जो रोजचा रगाडा शिक्षकांच्या माथी आला आहे, त्यात इतिहासाचा तास सर्वप्रथम बळी पडतो, कारण भाषा व गणित यांची चाचणी होते आणि सुतळीची होत नाही.

दुसरी अडचण अंतराची. जुनापाणी या शाळेपासून जवळ, अजब बंगला फार तर तासाभरावर. तरीही बहुतेक मुलांनी दोहोंपैकी काहीच पाहिलेले नव्हते. सहलीची दरखास्त पाठवावी लागते, पालकांची संमतिपत्रे जोडावी लागतात, वाहनाची तजवीज दाखवावी लागते. आणि मजुरी करणाऱ्या पालकांकडून बसभाडे मागताना शिक्षिकेलाच संकोच होतो. शनिवारी ठरलेली सहल याच कारणाने पुढे ढकलली गेली, आणि बाईंनी तो दिवस व्हरांड्यात खडूने शिलावर्तुळ आखून साजरा केला.

सर्वांत गंभीर अडचण वावरातल्या गोट्यांविषयी बोललेल्या त्या मुलीच्या वाक्यात आहे. संरक्षित स्थळे सोडली तर विदर्भातील असंख्य शिलावर्तुळे उघड्या रानात पडून आहेत. नांगर अडतो म्हणून धोंडा बांधावर लोटला जातो, रस्ता रुंदावताना दुसरा खडीत जातो, भूखंड पाडताना उरलेले वर्तुळ सपाट होते. यात शेतकऱ्याचा दोष काढणे अन्यायाचे होईल, कारण त्या गोट्यांचे मोल त्याला कोणी सांगितलेच नाही. ते सांगण्यास सर्वांत योग्य व्यक्ती त्याच्या घरातच आहे, आणि ती पाचवीत शिकते. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की, जिल्ह्यातील ज्ञात शिलावर्तुळांचा एक सुबोध नकाशा प्रत्येक प्राथमिक शाळेच्या भिंतीवर लागावा, पाचवीच्या प्रत्येक वर्गाला वर्षातून एकदा संग्रहालय व एक स्थळ दाखवण्याचा खर्च सरकारी तिजोरीतून व्हावा, आणि त्या आठवड्यात तरी शिक्षकांना वर्गाबाहेरच्या कामाला जुंपू नये. मुलांची तयारी पूर्ण आहे, शिक्षिकेचीही आहे. उणीव आहे ती एका मंजुरीची आणि एका बसच्या भाड्याची, आणि ती भरून काढणे कोणत्याही जिल्ह्याच्या ऐपतीबाहेरचे नाही.