उष्णता अडते ती वेशीवर

ग्राफीन, म्हणजे कार्बनचे एका अणूइतक्या जाडीचे पापुद्रे, मिसळलेलं प्लास्टिक तांब्याची जागा घेईल का, असं एका वाचकाने विचारलं आहे. आकडे पाहिले तर आशा वाटते. वॅट प्रति मीटर-केल्विन या एककात तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, साध्या प्लास्टिकची ०.२ आणि ग्राफीनची, २००८ मध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या मोजणीनुसार, ५,०००च्या आसपास. प्लास्टिकमध्ये एक टक्का ग्राफीन घातलं आणि सगळे पापुद्रे एका दिशेने लावले, तर हिशेबाने ५० मिळायला हवेत. एवढ्या भरीने प्रत्यक्षात आकडा सहसा १च्याही खाली राहतो.

कोकणात खाड्यांवर पूल नव्हते तेव्हा रस्ता कितीही चांगला असला, तरी वेळ जायचा तो तरीची वाट पाहण्यात. इथेही तसंच होतं. पापुद्र्यात उष्णता अणूंच्या कंपनांवर स्वार होऊन सुसाट जाते. पण ही कंपनं आणि प्लास्टिकच्या लिबलिबीत साखळ्यांची कंपनं जुळत नाहीत. प्रत्येक वेशीवर उष्णता खोळंबते, आणि अशा वेशी असंख्य असतात.

हा अडथळा धातू आणि द्रव हेलियमच्या सीमेवर मोजून १९४१ मध्ये जगापुढे मांडला तो रशियन भौतिकशास्त्रज्ञ प्योत्र कापित्सा यांनी. केंब्रिजमधले भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्ड यांचे हे लाडके सहकारी १९३४ मध्ये मायदेशी गेले आणि सोव्हिएत सरकारने त्यांना परतूच दिलं नाही. रदरफर्ड यांनी मग त्यांची यंत्रसामग्रीच मॉस्कोला जाऊ दिली! ग्राफीनच्या कौतुकात या माणसाचं नाव क्वचितच येतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. नव्या पदार्थाचं भवितव्य त्यांच्या त्या जुन्या शोधावर अडलं आहे.

मजबुतीचीही गत तीच. ग्राफीन पोलादाच्या पाचपट ताठ खरं, पण प्लास्टिकने ते घट्ट धरलं तरच भार त्याच्यावर जातो. पकड वाढवायला पापुद्र्यावर ऑक्सिजनचे गट जोडले, तर त्याची जाळी बिघडते आणि उष्णतावाहकता घसरते. पापुद्रे एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या, तर तडे तिथूनच सुरू होतात.

त्यात बाजारातला मालही तपासून घ्यावा लागतो. सिंगापूरच्या संशोधकांनी ६० उत्पादकांचे नमुने पाहून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: बहुतेकांत खरं ग्राफीन १० टक्क्यांहून कमी, आणि निम्म्याहून जास्त एकातही नाही. उरलेलं बरंचसं बारीक ग्रॅफाइट. दिव्याच्या हलक्या आवरणाला हे प्लास्टिक उपयोगी पडेल; तांब्याची जागा मात्र ते इतक्यात घेणार नाही.