बोली कोटीची, पण कशाची? : आयपीएलच्या नवख्या खेळाडूंबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिवाळीनंतर धान कापून झालं की भंडारा जिल्ह्यात मोकळ्या बांध्यांमध्ये टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. लाखांदूर, साकोली, पवनी, मोहाडी, कुठेही जा, संध्याकाळपर्यंत लाउडस्पीकरवर धावा मोजल्या जात असतात. आयपीएलचा लिलावही गेली काही वर्षं याच सुमारास, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होतो. 16 डिसेंबर 2025 रोजी अबुधाबीत चेन्नई सुपर किंग्जने उत्तर प्रदेशचा प्रशांत वीर आणि राजस्थानचा कार्तिक शर्मा यांना प्रत्येकी 14 कोटी 20 लाखांना घेतलं. दोघेही भारताकडून एकही सामना खेळलेले नव्हते आणि दोघांची मूळ किंमत 30 लाख होती. अशा बातमीनंतर चहाच्या टपरीवर जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं अर्धवट असतं. त्या अर्धवट माहितीवर काही आईबाप मुलाच्या शाळेचे आणि शेताचे निर्णय घेतात, म्हणून हा लेख.

गैरसमज : मालकांकडे पैसा उतू चालला आहे, म्हणून ते डोळे झाकून उधळतात.

आयपीएलमध्ये मालक कितीही श्रीमंत असला तरी खर्चाची मर्यादा ठरलेली असते. 2024 च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला 100 कोटी होते, 2025 साठी 120 कोटी आणि 2026 साठी 125 कोटी. याच रकमेत 18 ते 25 खेळाडूंचा संघ बसवायचा. परदेशी खेळाडू संघात आठ आणि सुरुवातीच्या अकरांत चारच चालतात. म्हणजे सात जागा भारतीयांनीच भरायच्या. भारताकडून खेळलेले नावाजलेले बरेचसे खेळाडू संघांनी आधीच राखून ठेवलेले असतात. उरलेल्या जागांसाठी रणजी, विजय हजारे आणि सय्यद मुश्ताक अली स्पर्धांतल्या मुलांकडेच वळावं लागतं. त्यांतही षटकार मारणारा डावखुरा किंवा फलंदाजी जमणारा फिरकीपटू असे मोजकेच असतात. दोन संघांना एकच माणूस हवा असला आणि दोघांच्या हातात पैसे शिल्लक असले की बोली चढते.

आपल्या विदर्भातलंच उदाहरण घेऊ. यवतमाळचा शुभम दुबे हा डावखुरा फलंदाज नागपुरात वाढला. त्याच्या वडिलांचं तिथल्या कमाल चौकात पानाचं दुकान होतं. 2023 च्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत त्याने विदर्भाकडून सात सामन्यांत 221 धावा केल्या, त्याही 187 च्या स्ट्राइक रेटने. बंगालविरुद्ध 213 धावांचा पाठलाग करताना त्याने 20 चेंडूंत नाबाद 58 केल्या. पुढे 19 डिसेंबर 2023 रोजी दुबईतल्या लिलावात 20 लाखांच्या मूळ किमतीवरून त्याची बोली 5 कोटी 80 लाखांवर गेली आणि राजस्थान रॉयल्सने त्याला घेतलं.

त्या दिवशी राजस्थान हातात 14 कोटी 50 लाख घेऊन आला होता. त्यातले 7 कोटी 40 लाख वेस्ट इंडिजच्या रोव्हमन पॉवेलवर गेले आणि 5 कोटी 80 लाख दुबेवर. बाकीचे तीन खेळाडू मिळून 1 कोटी 10 लाखांत आले. शेवटी शिल्लक राहिले 20 लाख. डाव संपवणारा एक परदेशी आणि एक भारतीय हवा, हे संघाने आधी ठरवलं होतं आणि त्याच हिशेबाने पैसे लावले होते. पटो न पटो, याला उधळपट्टी म्हणता येत नाही.

गैरसमज : एकदा कोटीची बोली लागली की पोरगा आयुष्यभरासाठी सुटला.

हा समज सगळ्यात घातक आहे. लिलावातली रक्कम एका हंगामाची असते. त्यातून 10 टक्के उद्गम कर आधीच कापला जातो. खेळाडू हंगामभर उपलब्ध असला तर एकही सामना न खेळता त्याला पूर्ण पैसे मिळतात, हे खरं. कृष्णप्पा गौतमला 2021 साली चेन्नईने 9 कोटी 25 लाखांना घेतलं आणि त्या मोसमात एकाही सामन्यात उतरवलं नाही. पण पुढच्या लिलावाआधी संघाने सोडलं की बोली पुन्हा मूळ किमतीपासून सुरू होते.

दुबेचंच बघा. 2024 च्या मोसमात त्याला मोजकेच सामने मिळाले. मग राजस्थानने त्याला सोडलं आणि नोव्हेंबर 2024 च्या लिलावात पुन्हा घेतलं, 80 लाखांना. एका वर्षात 5 कोटी 80 लाखांचे 80 लाख झाले. त्याच्याबरोबर डिसेंबर 2023 मध्ये गाजलेला समीर रिझवी 8 कोटी 40 लाखांवरून 95 लाखांवर आला आणि यष्टिरक्षक कुमार कुशाग्र 7 कोटी 20 लाखांवरून 65 लाखांवर. या मुलांचा खेळ वर्षभरात सात ते अकरा पटींनी खालावला होता का? नाही. संघांची गरज बदलली होती आणि लिलावात पर्याय जास्त होते.

याच दुबेने 4 मे 2025 रोजी ईडन गार्डन्सवर काय केलं तेही लक्षात ठेवा. कोलकात्याच्या 206 धावांचा पाठलाग करताना राजस्थानला शेवटच्या षटकात 22 हव्या होत्या. पहिल्या दोन चेंडूंवर जोफ्रा आर्चरने तीन काढल्या. मग दुबेने वैभव अरोराला सलग षटकार, चौकार, षटकार ठोकले. शेवटच्या चेंडूवर तीन हव्या असताना दुसरी धाव घेताना आर्चर धावबाद झाला आणि सामना एका धावेने गेला. दुबे 14 चेंडूंत 25 वर नाबाद राहिला. ज्या कामासाठी 5 कोटी 80 लाखांची बोली लागली होती, ते काम त्याने 80 लाखांत जवळजवळ करून दाखवलं. किमतीवरून खेळाडूची पारख करू नये, असं मी म्हणतो ते यामुळेच.

गैरसमज : महाग तो चांगला, स्वस्त तो कामचलाऊ.

हार्दिक पंड्याला मुंबईने 2015 साली 10 लाखांत घेतलं होतं. अमरावतीचा जितेश शर्मा 2022 मध्ये पंजाबकडे 20 लाखांत गेला. नोव्हेंबर 2024 मध्ये बंगळुरूने त्याच्यासाठी 11 कोटी मोजले आणि मे 2025 मध्ये लखनौविरुद्ध 33 चेंडूंत नाबाद 85 करून त्याने ते फेडले. विदर्भाचा डावखुरा फिरकीपटू हर्ष दुबे याने 2024-25 च्या रणजी मोसमात 69 बळी घेतले. एका रणजी मोसमातला हा विक्रम, आणि विदर्भाने त्याच वर्षी तिसऱ्यांदा करंडक जिंकला. एवढं करून हर्ष आयपीएलमध्ये पोहोचला तो हैदराबादचा बदली खेळाडू म्हणून, 30 लाखांत. माझ्या मते भंडाऱ्याच्या मुलांनी भिंतीवर फोटो लावायचाच तर हर्षचा लावावा.

उलटंही घडतं. वरुण चक्रवर्तीला पंजाबने डिसेंबर 2018 मध्ये 8 कोटी 40 लाखांना घेतलं. त्या मोसमात तो एकच सामना खेळला आणि पहिल्याच षटकात 25 धावा गेल्या. लोकांनी त्याला तेव्हाच निकालात काढलं होतं. पुढे कोलकात्याकडून खेळून तो भारताचा प्रमुख फिरकीपटू झाला.

गैरसमज : हे आयपीएलचंच खूळ आहे, जगात असं कुठे होत नाही.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हे कितीतरी आधीपासून चालत आलं आहे. तिथले संघ डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलातल्या सोळा वर्षांच्या मुलांशी करार करतात. 2008 साली ओकलंडने मायकल यनोआ या डॉमिनिकन मुलाला साडेबेचाळीस लाख डॉलर दिले. तो मुख्य लीगमध्ये पोहोचायला 2016 उजाडलं, तेही दुसऱ्या संघाकडून, आणि दोन मोसमांत त्याचा खेळ आटोपला. त्याच्या एक वर्ष आधी ह्यूस्टनने व्हेनेझुएलाच्या होजे अल्तुवेला फक्त 15,000 डॉलरवर घेतलं होतं. 2017 मध्ये तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बोस्टनने 2014 साली क्युबाच्या रुस्ने कॅस्टिलोशी सव्वासात कोटी डॉलरचा करार केला आणि तो मुख्य लीगमध्ये 99 सामने खेळला.

भारतातली दोन मुलंही या वाटेने गेली. उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल एका टीव्ही स्पर्धेतून निवडले गेले आणि नोव्हेंबर 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. मुख्य लीगपर्यंत दोघांपैकी कोणीही पोहोचलं नाही. पण तिथे एक सोय आहे. करार झालेला मुलगा संघाच्या खालच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळत शिकतो. आयपीएल संघांच्या अशा खालच्या लीग नाहीत. दोन महिने संपले की मुलगा परत राज्य संघाच्या मैदानावर येतो. त्याचा खरा पाया तिथेच असतो.

गैरसमज : टेनिस बॉल स्पर्धा गाजवली की थेट लिलाव.

इथे टी. नटराजनचं नाव हमखास निघतं. तमिळनाडूच्या सेलम जिल्ह्यातला हा मुलगा टेनिस बॉलवर वाढला आणि 2017 साली पंजाबने त्याला 3 कोटींना घेतलं, हे दोन्ही खरं. मधली पायरी मात्र सगळे विसरतात. तो आधी चेन्नईच्या क्लब क्रिकेटमध्ये लेदर बॉलने खेळला, 2015 मध्ये रणजीत उतरला, मग तमिळनाडूच्या टी-20 लीगमध्ये दिसला. 3 कोटींच्या पहिल्या मोसमात त्याला दोनच बळी मिळाले. पुढची दोन वर्षं हैदराबादच्या संघात असूनही एकही सामना मिळाला नाही. 2020 मध्ये 16 बळी घेतले तेव्हा भारतीय संघाचं दार उघडलं.

नियमही तसेच आहेत. लिलावासाठी नोंदणी राज्य संघटनेमार्फत होते. एकोणीस वर्षांखालच्या मुलाने किमान एक प्रथम श्रेणी सामना खेळलेला असावा लागतो. तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला राजस्थानने 1 कोटी 10 लाखांना घेतलं, पण तो बिहारकडून रणजी खेळून आला होता. नोव्हेंबर 2024 च्या लिलावासाठी 1,574 जणांनी नोंदणी केली. त्यातून 574 जणांची यादी झाली आणि विकले गेले 182. भंडाऱ्याच्या मुलाची वाट विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या वयोगट निवड चाचण्यांतून, तिथल्या क्लब सामन्यांतून आणि आता जून 2025 पासून जामठ्यात सुरू झालेल्या विदर्भ प्रो टी-20 लीगमधून जाते. या वाटेला वर्षं लागतात. तोवर दहावी-बारावी सोडायचं काहीच कारण नाही.

गैरसमज : पैसे भरले की ट्रायल लागते.

आयपीएल संघ चाचणीला खेळाडूला स्वतः बोलावतात, आणि निवडीसाठी पैसे घेत नाहीत. ‘अमुक संघात वशिला आहे, दोन लाख द्या, नाव लिलावाच्या यादीत टाकतो’ असं म्हणणारा माणूस कोणाचाही पाहुणा असो, तो फसवतो आहे. पैसे देण्याआधी नागपूरला असोसिएशनच्या कार्यालयात विचारा. दिले असतील तर लाजू नका, पावती आणि मोबाइलवरचे संदेश जपून ठेवा आणि आपल्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या.