बचावफळीतील जर्नेलसिंग

फुटबॉल सामन्याचा वृत्तान्त वाचताना गोल कोणी केला, हे आपल्याला कळते. गोल होऊ कोणी दिला नाही, याची नोंद मात्र क्वचितच होते. बचावपटूचे यश हे न घडलेल्या गोष्टींचे यश असते. म्हणूनच या स्मरणिकेच्या वाचकांपुढे आम्ही जर्नेलसिंग यांचे चरित्र ठेवू इच्छितो.

1936 साली जन्मलेले जर्नेलसिंग 1947 च्या फाळणीत घरगाव सोडून भारतात आलेल्या निर्वासित मुलांपैकी एक. माहिलपूरच्या खालसा महाविद्यालयात त्यांचा खेळ घडला आणि पुढे कोलकात्याच्या मोहन बागान संघाचे ते आधारस्तंभ झाले. स्टॉपर म्हणजे गोलरक्षकापुढील मधली जागा सांभाळणारा खेळाडू. प्रतिस्पर्ध्याची चाल आधी ओळखणे, उंच आलेला चेंडू डोक्याने परतवणे आणि धडक अंगावर घेणे, हे त्याचे काम. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्येही जर्नेलसिंग भारताकडून खेळले.

1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत थायलंडविरुद्ध त्यांचे डोके फुटले व टाके पडले. अशा अवस्थेत बचावात चेंडू डोक्यावर झेलणे धोक्याचे होते. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे हैदराबादचे शालेय शिक्षक. आपल्या शिष्याचे सामर्थ्य जाणून त्यांनी त्याला घरी बसवले नाही, आघाडीवर पाठवले. उपान्त्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध जर्नेलसिंग यांनी गोल केला. 4 सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात प्रेक्षक भारताच्या विरोधात गर्जत होते, तरी पी. के. बॅनर्जी यांच्या गोलानंतर थोड्याच वेळात डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेलसिंग यांनी दुसरा गोल केला. दक्षिण कोरियावर 2-1 असा विजय मिळाला. त्या संघात मुंबईच्या टाटा क्लबकडून खेळणारे गोव्याचे फॉर्च्युनाटो फ्रँको हेही होते. त्यानंतर भारताला आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक पुन्हा मिळालेले नाही.

1964 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे ते भारताचे कर्णधार झाले. कोलकात्याची कीर्ती मागे ठेवून ते पंजाबात परतले आणि प्रशिक्षक झाले. 1970-71 मध्ये पंजाबने प्रथमच संतोष करंडक जिंकला. 1974-75 च्या अंतिम सामन्यात त्यांच्या मार्गदर्शनाखाली पंजाबने बलाढ्य बंगालला 6-0 असे हरवले. आयुष्यभर गोल अडवणाऱ्या माणसाच्या शिष्यांनी केलेले हे सहा गोल! 2000 साली जर्नेलसिंग यांचे निधन झाले.

रहीम यांनी एका जखमी खेळाडूला त्याची नवी जागा दाखवली आणि त्या खेळाडूने पुढे इतरांना त्यांच्या जागा दाखवल्या. वसतिगृहातून सुटीसाठी घरी येणाऱ्या मुलाला आपण सहज विचारतो, “किती गोल केलेस?” पालकहो, “आज कोणाला सावरलेस?” असेही कधी विचारून पाहावे. ज्यांची नावे फलकावर लागली नाहीत, असे अनेक बचावपटू आमच्या माजी विद्यार्थ्यांतही आहेत. हा लेख त्यांनाच अर्पण.