सत्तर चिन्हांचा निरोप

सन १९९२ च्या डिसेंबरच्या ३ तारखेस इंग्लंडमध्ये जगातील पहिला लघुसंदेश एका दूरध्वनीवर येऊन पोहोचला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. दुसरे काही नव्हते. प्रभूच्या जन्माचा आनंद कळविण्यासाठी ज्या साधनाचा प्रथम उपयोग झाला, तेच साधन व्यसनाच्या वाटेला लागलेल्या तरुणास परत घराकडे वळविण्याच्या कामी येईल काय, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा प्रश्न आम्हांस सुचला तो जोयडा तालुक्याकडे पाहून. कारवार जिल्ह्यातील हा तालुका, पूर्वीचा सुपा, क्षेत्रफळाने मोठा व वस्तीने विरळ आहे. काळी नदीवरील धरणाने जुने सुपे गाव पाण्याखाली गेले आणि तेथील कित्येक कुटुंबांनी रामनगरला नवा संसार मांडला. उरलेल्या वाड्या दाट रानात विखुरलेल्या. त्यांतील पुष्कळ रान आज व्याघ्र प्रकल्पात मोडते. घाट उतरला की गोवा. कोणी तेथे मजुरीस जातो, कोणी गणेशगुडीच्या बाजूस पर्यटकांच्या चाकरीत राहतो. हातात पैसा लवकर येतो, वडीलधारे दूर असतात, आणि गोव्याची दारू स्वस्त. तंबाखू, गुटखा व दारू यांच्या मागोमाग गांजाही येतो.

व्यसन एकाएकी घरात शिरत नाही. ते पाहुण्यासारखे येते, ओसरीवर बसते, आणि घरच्यांस जाग येईपर्यंत माजघरात पोहोचलेले असते. तरुण पहिला घोट घेतो तो बहुधा दुःखापायी नव्हे, सोबतीपायी. पुढे त्याचे त्यालाच भय वाटू लागते. पण सांगावे कोणास? वाडी लहान. आज दांडेलीस डॉक्टरांकडे कोण गेले, हे उद्या विहिरीवर कळते. आईच्या डोळ्यांकडे पाहवत नाही आणि धर्मगुरूंच्या दाराशी जावयास पाय धजत नाहीत. अशा मुलाला व्याख्यान नको असते. कोणी चारचौघांत न बोलता हळूच हाक मारावी, एवढेच त्याला हवे असते.

ही हाक लघुसंदेशाने मारता येते. जोयड्याच्या रानात दूरध्वनीवरचा आवाज जागोजाग तुटतो, हे तेथील रहिवाशांस सांगावयास नको. लघुसंदेशाची रीत निराळी आहे. घेणारा टप्प्याबाहेर असला तरी निरोप मध्यवर्ती केंद्रात काही काळ थांबून राहतो आणि तो चढण चढून टप्प्यात आला की त्याच्या हाती पडतो. त्याला इंटरनेट लागत नाही. साधा जुना दूरध्वनीही चालतो. मात्र देवनागरीत एका निरोपात काना, मात्रा व रिकाम्या जागा धरून सत्तरच चिन्हे मावतात. सत्तर चिन्हांत उपदेश मावत नाही, ही अडचण नसून देणगीच आहे, असे आम्हांस वाटते.

हा उपाय केवळ कल्पनेतला नाही. ब्रिटनमध्ये धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्या ५,८०० जणांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना धीर देणारे लघुसंदेश नियमाने गेले, त्यांपैकी शंभरांत सुमारे अकरा जण सहा महिने सिगारेटपासून दूर राहिले. इतरांत हे प्रमाण पाचांच्या आसपास होते. शंभरांत अकरा हा आकडा कोणास थोडा वाटेल. पण जिचा मुलगा त्या अकरांत असेल, त्या माउलीस विचारावे. आपल्या देशातही तंबाखू सोडणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने २०१६ साली अशीच संदेशांची योजना सुरू केली. आणि घाटाखाली गोव्यात १९९६ पासून कार्य करीत असलेल्या ‘संगाथ’ या संस्थेने अपायकारक मद्यपान करणाऱ्यांसाठी मोबाईलवरून पाठवावयाच्या संदेशांचा उपक्रम अलीकडच्या वर्षांत तयार केला आहे.

परंतु सर्वांत मोठा धडा आम्हांस अमेरिकेतील पिट्सबर्ग भागातील प्रयोगात दिसतो. तेथे रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आलेल्या, अतिमद्यपान करणाऱ्या ७६५ तरुणतरुणींचे तीन गट केले होते. एका गटास बारा आठवडे दर गुरुवारी विचारले जाई, ‘या शनिवार-रविवारचा बेत काय?’ आणि रविवारी विचारले जाई, ‘किती प्यालात?’ उत्तर आले की त्यास साजेसा प्रतिसाद जाई आणि बेत धोक्याचा असल्यास मर्यादा पाळण्याचे वचन मागितले जाई. या गटाचे अतिमद्यपान घटले. दुसऱ्या गटास केवळ किती प्यालात तेवढेच विचारले. उत्तरास प्रत्युत्तर नव्हते. त्या गटाचे अतिमद्यपान घटले तर नाहीच, उलट वाढले. २०१४ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वाचकहो, चौकशी करणे म्हणजे काळजी घेणे नव्हे! आपल्या घरांतही ‘कुठे होतास?’ असे आपण नित्य विचारतो. उत्तर ऐकून पुढे काय बोलावे, याचा विचार किती जण करतो?

म्हणून आमची सूचना अशी आहे. एखाद्या धर्मग्रामाने हे काम हाती घेतले तर आधी दोनतीन विश्वासू, मितभाषी माणसांस समुपदेशनाचे शिक्षण जाणकारांकडून मिळवून द्यावे. तरुणाच्या संमतीवाचून एकही निरोप जाऊ नये. घरात एकच दूरध्वनी चौघे वापरतात, तेव्हा निरोपात दारू वा गांजा हे शब्द नसावेत. ‘आज बेत ठरल्याप्रमाणेच ना?’ एवढे पुरे. मजुरी मिळण्याचा व बाजाराचा दिवस ध्यानी ठेवून त्याच संध्याकाळी हाक जावी. सोबती कोण, हेही हळुवारपणे विचारावे. गांजा ओढणाऱ्या तरुणांसाठी अमेरिकेत रचलेल्या एका उपक्रमाचा भर याच प्रश्नावर आहे. आणि आलेले उत्तर तिसऱ्याच्या कानी कधीही जाऊ नये. लघुसंदेश म्हणजे पापनिवेदन नव्हे, तो संस्कार दूरध्वनीवरून होत नाही. तरी विश्वास राखण्याचे कर्तव्य येथेही तितकेच कडक आहे.

या उपायाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. व्यसनाच्या आरंभी जो उभा आहे, त्यास निरोपाचा आधार पुरतो. पण जो रोज भरपूर पितो त्याने एकदम दारू थांबविली तर झटके येण्याचा, भ्रम होण्याचा आणि जिवावरही बेतण्याचा संभव असतो. त्यास डॉक्टरांकडेच नेले पाहिजे. धारवाड येथे मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या आजारासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक विनामूल्य आहेत. ते प्रत्येक घरात, पंचांगाशेजारी, लिहून ठेवावेत.

डब्लिनच्या मॅट टॅलबट या मजुराचे चरित्र कित्येक वाचकांस ठाऊक असेल. बारातेराव्या वर्षापासून जडलेले दारूचे व्यसन त्याने १८८४ साली, अठ्ठावीस वर्षांचा असताना सोडले. पण त्याने पहिली प्रतिज्ञा जन्माची केली नाही. आधी तीन महिन्यांची, मग सहा महिन्यांची, आणि त्यानंतर आयुष्यभराची. ती त्याने १९२५ साली मिस्सेस जाताना वाटेत मरण येईपर्यंत पाळली, आणि १९७५ साली ख्रिस्तसभेने त्यास ‘पूजनीय’ म्हणून गौरविले. थोडक्या मुदतीचे वचन हीच त्याची पहिली पायरी होती. आजचा तरुण ‘केवळ या शनिवारापुरते’ असे वचन देतो, तेव्हा तोही त्याच पायरीवर पाऊल ठेवीत असतो.

हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण बालपणापासून ऐकत आलो. मेंढपाळ मेंढरास शोधावयास रानात गेला. मेंढरू दाराशी येईल म्हणून वाट पाहत बसला नाही. जोयड्याच्या रानात आज सत्तर चिन्हांचा एक निरोप त्याच्यापुढे वाट काढीत जाऊ शकतो. मात्र निरोपामागून माणूस गेला पाहिजे. तरुणाचे उत्तर येईल तेव्हा ते वाचणारा कोणी तरी जागा असावा, एवढीच आमची प्रार्थना आहे.