द्वारकेचा भुयारी मार्ग ओस का पडला?

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता मिळतात. २०१३ मध्ये इथला उड्डाणपूल खुला झाला. पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्गही बांधला गेला. तरी लोक हात दाखवत वाहनांमधूनच रस्ता ओलांडतात. असे का?

हात दाखवला की गाडी थांबते, हा भरवसा वाहने कमी होती तेव्हाचा. वर्दळ आणि वेग वाढला, सवय तीच राहिली. त्यात भुयारात उतरा, वळसा घ्या, पुन्हा चढा, हे गुडघ्यांना नको असते. माणसे नसली की तिथे भीती वाटते. भीतीने माणसे आणखी घटतात.

म्हणून नुसते फलक पुरत नाहीत. पाय जिथे वळतात, तिथेच सिग्नलसह सुरक्षित वाट हवी.