हजार माणसांमागे एक बाई

दिवाळी उलटली की भिवंडी तालुक्यात वीटभट्ट्यांची लगबग सुरू होते. कातकरी कुटुंबं पाडा सोडून भट्टीवर मुक्कामाला जातात. घरात तान्हं मूल असलं तर तेही आईच्या पाठोपाठ जातं. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी हा तानसाकाठचा पट्टा गरम पाण्याच्या कुंडांसाठी ठाऊक आहे. पण इथल्या बाळंतिणीची घरी येऊन विचारपूस करते ती आशाताई, गावातलीच आरोग्य कार्यकर्ती.

नवजात बाळासाठी तिच्या घरभेटी ठरलेल्या असतात: दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी. हात धुवायचे, काखेत थर्मामीटर लावायचा, झोळीच्या काट्यावर वजन घ्यायचं. मग पोटाकडे टक लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे; 60 किंवा जास्त भरले तर बाळाला दवाखान्यात हलवायचं. या सगळ्या भेटी मिळून 250 रुपये. मधेच कुटुंब भट्टीवर गेलं की भेटींची साखळी तुटते. आणि अडकतात ते तिचेच पैसे.

या कामाची मुळं महाराष्ट्रातच आहेत. रजनीकांत आणि मेबेल आरोळे यांनी 1970मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि पुढे खेड्यातल्या निरक्षर बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच आरोग्यदूतांमार्फत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. 39 गावांत अर्भकांचे पहिल्या महिन्यातले मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं. 2005मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, हजार लोकवस्तीमागे एक आशा ठरली. आज देशात त्या सुमारे 10 लाख आहेत, राज्यात 70 हजारांच्या आसपास.

आरोग्यक्षेत्रात खेड्यातल्या बाईला इतकं काम देणारी दुसरी योजना मला दिसत नाही. तरी सरकारदरबारी ती स्वयंसेविकाच. गरोदर बाईची नोंद, लसीकरण, क्षयरोग्याच्या गोळ्या, प्रत्येक कामाचा मोबदला वेगळा. केंद्राने नियमित कामांचे 1000 रुपये 2018मध्ये 2000 केले. राज्याने मार्च 2024मध्ये मासिक 5000 रुपयांची वाढ मंजूर केली, तीसुद्धा संप आणि आझाद मैदानावरच्या दीर्घ आंदोलनानंतर. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2022मध्ये आशांचा गौरव केला, पण गौरवाने किराणा भरत नाही.

2013च्या भारतीय श्रम परिषदेने आशांसारख्या योजनाकर्मींना कामगार मानून किमान वेतन आणि निवृत्तिवेतन द्यावं, अशी शिफारस केली होती. अंगणवाडीताईंना एप्रिल 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. मग आशांनी किती वाट बघायची?

पुढची गरज तर वाढतीच आहे. मुलं शहरात गेलेल्या घरांतल्या म्हाताऱ्यांचा रक्तदाब, मधुमेह आता आशाताईच्याच वहीत येतो. 2027च्या जनगणनेनंतर वस्तीचा हिशेब नव्याने मांडावा लागेल. त्या वेळी वाढणाऱ्या जागा मंजूर पदं म्हणून भरायला हव्यात, आणि भट्टीवरच्या हंगामी वस्तीलाही त्या मोजणीत धरायला हवं.